पहिलं वाक्य बिनचूक

दि. १४ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
अनेक उ. आ.

पाकीट बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तिसऱ्या वाक्याला तू आवाज चढवतोस, चौथ्याला मी फोन ठेवते, आणि मग आई दोघांनाही फैलावर घेते. कागदावर निदान बोलणं पुरं तरी होतं. पाकिटावर तुझं नाव-हुद्दा व्यवस्थित घातलाय, टिल्लू फक्त आत आहे, तेव्हा ऑफिसातल्या शिपायासमोर तुझी अब्रू शाबूत आहे.

इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी निवृत्त झाल्यापासून घरातली घड्याळं दुरुस्त करत सुटलेत. आता स्वयंपाकघरात सव्वासात आणि बाहेरच्या खोलीत पावणेआठ वाजलेले असतात. मी आपली शाळेच्या घंटेवर जगते. यंदा तिसरीत एकतीस मुलं आहेत आणि मागच्या खिडकीची काच अजून आलेली नाही, पुठ्ठा लावून भागवतोय.

आता मुद्द्याचं. काल तुमच्या कार्यालयाची लाल यादी आली. तुमच्या म्हणजे तुझ्याच, खाली सही तुझी आहे. त्यात माझ्या वर्गातल्या मुंगीचं नाव बघून माझं डोकंच फिरलं. मुंगी हे वर्गानं पाडलेलं नाव, चणीनं एवढीशी आणि पायाला भिंगरी म्हणून. दोन वाचन-तपासण्यांत ती एकाच पायरीवर अडकली आहे म्हणे! जानेवारीत तिसऱ्यांदाही तसंच झालं तर तिला पुलापलीकडच्या शाळेत, पूरक वर्गात पाठवायचं. म्हणजे सकाळी साडेसहाची बस आणि संध्याकाळी सहाला घरी. तिथे गेलेलं मूल दोन वर्षांच्या आत परत आलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

अरे, ती पोरगी घडाघडा वाचते! माझ्या वर्गात एकानं वाक्य वाचायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं, ही माझी तीस वर्षांची पद्धत. मुंगी वाचायला उभी राहिली की बाकीची तीस तोंडं आपोआप उघडतात. तुझ्या यंत्रणेचं काहीतरी चुकतंय. जरा बघ आणि मला कळव.

आईच्या गुडघ्याला शेक देतोस ना? लोभ आहेच, फक्त उत्तर लवकर यावं.

तुझी,
ताई


दि. २२ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शिपायानं पाकीट नुसतं दिलं नाही, तर बहिणीचं पत्र आलंय म्हणून सगळ्या मजल्यावर सांगितलं. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे, मला मिशा आहेत, हे तू कधीतरी लक्षात घ्यावंस.

यंत्रणेचं काही चुकलेलं नाही. माझ्याकडे बेचाळीस शाळांची नऊ हजार मुलं आहेत आणि प्रत्येकाची एक रेघ. शब्द वाचता आले की पहिली पायरी, वाक्य आलं की दुसरी, परिच्छेद आला की तिसरी, अख्खी गोष्ट वाचली की चौथी. बहुतेकांची रेघ हळूहळू का होईना, वर जाते. तुझ्या मुंगीची दुसऱ्या पायरीवर आडवी पडली आहे. दोन्ही वेळा एक वाक्य वाचलं आणि गप्प. आमचा नियम असा, की मूल पाच सेकंद गप्प राहिलं तर तपासनिसानं तिथे रेघ मारायची आणि कागद काढून घ्यायचा.

नियम ऐकून तू भडकशील, म्हणून आधीच सांगतो, तो मीच सुचवला होता. पूर्वी तपासनीस दहा-दहा मिनिटं मुलाच्या तोंडाकडे बघत बसायचे. एका मुलीचा कागद तर रडून इतका भिजला होता, की नोंद करायला आला तेव्हा अक्षरं वाचता येईनात. पोरांची सुटका लवकर व्हावी, एवढाच हेतू होता. तो नियम आल्यापासून रडण्याची एकही तक्रार नाही.

वर्गात तीस जणांच्या गलक्यात कोण वाचतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय, हे तुलाही नेहमी कळत असेल असं मला वाटत नाही. राग मानू नकोस. सहा आठवडे आहेत, तिच्याकडून एकटीकडून वाचून घे. बहिणीचा वर्ग म्हणून मी आकड्याला हात लावणार नाही, आणि लावावा असं तूही म्हणणार नाहीस.

आईनं हे पत्र खांद्यावरून वाचलं. ती म्हणते, की पोरीला चष्मा लागला असेल, आणि तुम्ही दोघं आपले शहाण्यासारखे भांडत बसाल. गुडघा बरा आहे, जिभेला तर काहीच झालेलं नाही.

राग दोन दिवसांत उतरावा, माया उतरू नये.

तुझा,
टिल्लू (हे फक्त आत)


दि. १९ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, पण आज जरा कमीच.

झाली तिसरी तपासणी. पुन्हा एक वाक्य आणि पुन्हा रेघ.

डोळे तपासून घेतले, आईला सांग. लख्ख आहेत. सहा आठवडे रोज मधल्या सुट्टीत मी तिला समोर बसवलं. ती वाक्य वाचायची, तिला हुरूप यावा म्हणून मी मागून म्हणायचे, मग ती पुढचं वाचायची. असं अख्खं पुस्तक दोनदा वाचून झालं. एका अक्षराला अडखळली नाही. ओठ हलवणारी नाही ती! तुझं ते वाक्य मला अजून बोचतंय.

तपासनीस बाई नवीन होत्या, बिचाऱ्या फार सौम्य. त्या म्हणाल्या, की पहिलं वाक्य असं सुरेख वाचलं की मला वाटलं आता ही सुटणार, आणि मग तोंड मिटून माझ्याकडे बघतच राहिली. बाईंनी नियमाप्रमाणे पाच मोजले आणि रेघ मारली.

मी मुंगीला विचारलं, की बाई गं, पुढचं का नाही वाचलंस. तर म्हणते, की त्या बाई काही म्हणाल्याच नाहीत. म्हणजे शाबासकी दिली नाही म्हणून रुसली, असं मला वाटलं, आणि मी तिला चांगली खडसावली. परीक्षेत कौतुकं नसतात म्हणून सुनावलं. ती खाली मान घालून जागेवर गेली. मला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली. इतक्या वर्षांत मी मुलांवर ओरडले नाही असं नाही, पण हिच्यावर ओरडायला नको होतं.

आता काय करायचं ते सांग. टोमणे मारायचे असतील तर पुढच्या पत्रात मार, यात नको. भावाची माया ऑफिसाच्या कपाटात कुलूप लावून ठेवली नसशील, तर थोडी इकडे पाठव.

ताई


दि. २७ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टोमणा नाही. ओठ हलवण्याचं जे लिहिलं, ते मागे घेतो.

तुझं पत्र आल्यावर मी मुंगीच्या तिन्ही तपासण्यांचे मूळ कागद गोदामातून मागवले. एरवी मी आकडेच बघतो, कागद बघायची वेळ येत नाही. तीन वेगळे उतारे, तीन वेगळे तपासनीस. एकाच्या पहिल्याच वाक्यात ज्वालामुखी आहे, दुसऱ्यात दुर्बीण आणि तिसऱ्यात हिमवर्षाव. तिन्ही ठिकाणी तपासनिसानं शेरा मारलाय, पहिलं वाक्य बिनचूक. आणि तिन्ही ठिकाणी पूर्णविरामाला टेकूनच रेघ. ताई, ज्याला वाचता येत नाही त्याला ज्वालामुखी वाचता येत नाही. आणि जे मूल अडतं ते शब्दाच्या मध्ये अडतं, दर वेळी पूर्णविरामाशी कसं अडेल? ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही.

आता नीट वाच. बदलीची पत्रं एक मार्चला निघतात. एकदा निघाली की मोठे साहेबसुद्धा ती थांबवू शकत नाहीत. त्याआधी फेरतपासणी होऊ शकते, पण वर्गशिक्षिकेनं लेखी कारण द्यायला हवं. मुलगी हुशार आहे, हे कारण चालत नाही. ती का थांबते, ते लिहावं लागेल. बदलीच्या संमतीवर पालकांची सही घ्यायला तुला तसंही तिच्या घरी जायचंच आहे. तर जा, आणि सहीची घाई करू नकोस. नुसती बस तिथे.

आणखी एक कबुली देतो. अकरा वर्षं मी मुलांच्या वाचनाच्या रेघा ओढतोय, पण एकाही मुलाला तपासणीत वाचताना मी ऐकलेलं नाही.

आई म्हणते, की ताईला सांग जेवण सोडू नको. मीही तेच म्हणतो. वाट पाहणारा,

टिल्लू


दि. ९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक उ. आ. आज पुरेपूर.

कारण सापडलं. आणि त्या कारणात तूही आहेस आणि मीही आहे.

मुंगी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट बंद होती, त्यामुळे वर पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला होता. तिची आई कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीच्या खोलीत काम करते, ती सहाला येणार होती. मी मुद्दामच शाळा सुटल्यावर लगेच गेले. दार उघडंच होतं. खिडकीशी खुर्चीत आजोबा बसलेले आणि समोर स्टुलावर मुंगी वर्तमानपत्र घेऊन. ते चाळीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. शेजारीण सांगत होती, की त्यांची हाळी पुढच्या थांब्यावर ऐकू जायची. दीड वर्षापूर्वी झटका आला आणि वाचाच गेली. दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की कोणीतरी रोज दुपारी, हे ताजेतवाने असताना, एकेक वाक्य वाचायचं आणि यांनी मागून म्हणायचं. मात्र यांचं म्हणून होईपर्यंत पुढचं वाचायचं नाही, कितीही वेळ लागो, घाई करायची नाही. घरात दुपारी असतं कोण? मुंगी. तेव्हा ती नुकती वाचायला शिकत होती.

मी दारातच थांबले. तिनं एक वाक्य वाचलं, तोंड मिटलं आणि आजोबांकडे बघत राहिली. त्यांचे ओठ हलले, मान हलली, हाताची मूठ वळली. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होते, वीस सेकंद झाले असतील. मग एकेक शब्द करत अख्खं वाक्य आलं. तिनं मान डोलावली आणि पुढचं वाचलं. टिल्लू, ही पोरगी अडत नाही रे, वाट बघते. तिच्या लेखी वाचणं म्हणजे आपण एक वाक्य म्हणायचं आणि समोरच्याला म्हणू द्यायचं. त्या बाई काही म्हणाल्याच नाहीत, असं तिनं मला सरळ सांगितलं होतं, आणि मी तिला खडसावलं. वर्गात माझी ती तीस वर्षांची पद्धत, आणि मधल्या सुट्टीत मीच तिच्या मागून म्हणत बसायची. तिची सवय मी स्वतःच्या हातानं पक्की केली!

निघताना ती मला खालपर्यंत सोडायला आली. जिन्यात मी तिला समजावलं, की तपासणीत कोणी मागून म्हणत नाही, आपण आपलं शेवटपर्यंत वाचत जायचं. तिनं थोडा विचार केला आणि मला विचारलं, की मग समोरच्याला आलं की नाही ते आपल्याला कळणार कसं.

तिची आई जिन्याखालीच भेटली, तेव्हा मुंगीला मी वर आजोबांकडे पाठवलं. कार्यालयातल्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं असं म्हणत बिचारीनं सहीसाठी पेन काढलं. पण पेन हातात धरून तिनं विचारलं, की ही सहाला घरी आली तर दुपारी बाबांना वाचून कोण दाखवणार, संध्याकाळी तर ते थकून झोपतात. मी संमतीचा कागद परत पिशवीत टाकला. पोरीची शाळा जाईलच, आणि म्हाताऱ्याचं नुकतं परत आलेलं बोलणंही जाईल.

लेखी कारण सोबत जोडलं आहे. चार वेळा लिहिलं, तेव्हा कुठे डोळे न भरता पुरं झालं. आता पुढचं तुझ्या हातात. तुझ्यावर विसंबून आहे, आणि हे मी तुला जन्मात पहिल्यांदाच म्हणतेय.

तुझी,
ताई


दि. २१ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल शाळेत येऊनही तुझ्याशी चार शब्द न बोलता निघून गेलो, त्याची माफी माग असं आईनं बजावलंय. तसं कारण होतं. तपासणीच्या दिवशी नातेवाइकांनी आपसात बोलायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मला बोलताही आलं नसतं. तू बाहेर व्हरांड्यात होतीस, म्हणून आत काय झालं ते सगळं लिहितो.

आधी साहेबांचं. ते म्हणाले, की नऊ हजारांसाठी केलेला नियम एकीसाठी मोडायचा तर उद्या सगळेच रांग लावतील. मी म्हणालो, की नियम माझा आहे, त्यात काय चुकलं ते मला माहीत आहे. ते म्हणाले, की मग लिहून दे. मी तीन पानं लिहून दिली. अकरा वर्षांत मी त्यांच्याशी इतकं बोललो नव्हतो. शेवटी एकदाच, घड्याळ न लावता तपासायला परवानगी दिली. तपासणी त्या सौम्य बाईंनीच घ्यायची, आणि बहिणीचा वर्ग म्हणून मी मागच्या बाकावर नुसतं बसायचं, असं ठरलं.

मुंगी आली. खुर्चीवर बसली तर पाय जमिनीला टेकेनात. सतरा वाक्यांची अख्खी गोष्ट होती. पहिलं वाक्य तिनं वाचलं, आणि तुला सांगतो, इतकं स्वच्छ मी आमच्या ऑफिसात कोणाला वाचताना ऐकलेलं नाही. मग थांबली. तू सांगितलेलं तिनं नक्की ऐकलं असणार, पण थांबलीच. मी सवयीनं मनात मोजत होतो. पाच झाले, आठ झाले, बारा झाले. बाई माझ्याकडे बघायला लागल्या, कारण त्यांना काही बोलायची मुभा नव्हती. मला काय झालं कोण जाणे, मी मागच्या बाकावरून ते वाक्य मोठ्यानं म्हटलं.

ती वळली. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि दुसरं वाक्य वाचलं. मी ते म्हटलं. तिनं तिसरं वाचलं. नवव्या वाक्यात मी एक शब्द गाळला तर पुढे जाईना! मी पुन्हा नीट म्हटल्यावरच हलली. सतराच्या सतरा वाक्यं बिनचूक. मागून म्हटल्यानं पुढचं वाचायला कसलीच मदत होत नाही, असं बाईंनी स्वतः होऊन शेऱ्यात लिहिलं.

आता झालं म्हणून मी उठणार, एवढ्यात तिनं कागद उलटला. पाठीमागे तपासनिसांसाठी सूचना छापलेल्या असतात. मुलं त्या कधी वाचत नाहीत. हिनं सरळ वाचायला सुरुवात केली. मूल पाच सेकंद गप्प राहिल्यास त्याला पुढचं येत नाही असं समजावं व तिथे रेघ मारावी. एकाही अक्षराला न अडखळता वाचलं, आणि माझ्याकडे बघत थांबली.

ताई, ते वाक्य मीच लिहिलंय. पण ते माझ्या तोंडातून निघेना. तिला कसलीच घाई नव्हती. चुळबुळ नाही, हसली नाही, दुसरीकडे बघितलं नाही. बाई म्हणतात, की अर्ध्या मिनिटाच्या वर गेलं असेल. मग मी ते म्हटलं, शेवटपर्यंत. तिनं मान डोलावली आणि बाहेर पळाली. माझ्यासाठी असं कोणी कधी थांबलेलं मला आठवत नाही.

आज दिवसभर बसून नऊ हजार मुलांच्या नोंदींत पहिलं वाक्य बिनचूक आणि पूर्णविरामाशी रेघ, अशी मुलं शोधली. चौदा निघाली. सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही. काय असेल ते मला माहीत नाही. सोमवारपासून एकेकाच्या घरी जाणार आहे, साहेबांना न विचारता, रजा टाकून. नियमाचं काय करायचं ते त्या चौदा घरांतून आल्यावर लिहीन.

आई म्हणते, की अखेर आमचा टिल्लू घराबाहेर पडला. ताई, जीव लावत राहा, माझ्याकडून होईल तेवढी परतफेड करीन.

तुझा,
टिल्लू


दि. ३ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक अनेक उ. आ.

पत्र आलं, तुझ्या सहीचं. मुंगीचं नाव लाल यादीतून निघालं, पायरी चौथी. मुख्याध्यापिकाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि मी तिसऱ्यांदा. तिची आई इस्त्रीच्या कामावरून तशीच धावत आली होती, तिला मी चौथ्यांदा वाचून दाखवलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली, मग मलाही राहवलं नाही. शेवटी शाळेच्या शिपाईबाईंनी आम्हा दोघींना चहा पाजला.

मुंगीला मात्र याचं काहीच अप्रूप नाही. तू इथेच राहणार म्हणून मी सांगितलं, तर म्हणाली, मग कुठे जाणार होते? तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं, आणि ते बरंच झालं.

आज मधल्या सुट्टीत ती मला तिची एक वही दाखवायला आली. चतकोर वही आहे, दीड वर्षाची. आजोबा रोज मागून काय म्हणाले ते ती त्यात लिहिते, तारखेसकट, कोणी सांगितलेलं नसताना. पहिल्या पानावर लिहिलंय, आज फक्त आ. मग पुढे कितीतरी पानं नुसता आ. तू असतास तर आडवी रेघ म्हणाला असतास. मग एक शब्द, मग दोन, मग एका दिवशी लिहिलंय, अख्खं वाक्य, आई कामावर होती म्हणून तिला ऐकायला मिळालं नाही. परवाच्या तारखेला, आजोबांनी खिडकीतून मला हाक मारली, खालपर्यंत ऐकू आली. एकाही दिवशी नापास लिहिलेलं नाही. मी ती वही तिथेच उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचली, मधली सुट्टी संपल्याची घंटासुद्धा मला ऐकू आली नाही.

त्या चौदा घरी गेलास की कागद पिशवीतच ठेव आणि आधी ऐक. वेळ लागला तर लागू दे.

आणि हो, वहीच्या शेवटच्या पानावर एक नवीन नोंद आहे. तिनं तुला दाखवायची परवानगी दिली, म्हणून जशीच्या तशी उतरवून देते. ऑफिसातले काका, पहिला दिवस. सतरा वाक्यं आली. एक शब्द गाळला. शेवटचं वाक्य खूप अवघड गेलं, पण मी थांबले आणि त्यांना आलं.

तुझी,
ताई